ताप उतरल्यावरच्या गोळ्या

(आंबागड येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आज दुपारी गावात पोचले आणि आधी किल्ल्यावर जाऊन आले. देवगडचा राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण याने सन १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे तो नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या ताब्यात गेला आणि त्याचा तुरुंग झाला. आतल्या किल्ल्यातल्या विहिरीचं साचलेलं विषारी पाणी कैद्यांना पाजत आणि त्यानं ते मरत, ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. मीही लहानपणी ती चुलीपुढे बसून ऐकली आणि रात्रभर भीतीनं झोपले नाही.

साचलेल्या पाण्याजवळ माणसं तापानं खंगतात, हे जगभरच्या लोकांनी पाहिलं होतं. इटलीच्या लोकांनी दोष दलदलीवरून येणाऱ्या हवेला दिला. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच वाईट हवा. आपल्याकडे दोष पाण्याला गेला. दोघांनीही चोराचं घर बरोबर ओळखलं होतं, फक्त चोर दिसला नव्हता. पाणी पिऊन हिवताप होत नाही. त्या पाण्यात डासाची अळी वाढते आणि हिवतापाचा जंतू त्या डासाच्या पोटात लग्न लावतो. लग्न हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. आज मला त्याच लग्नाबद्दल बोलायचं आहे. त्या जंतूत नर कोण होणार, मादी कोण होणार, आणि मुळात त्या वाटेला जाणार कोण, हे त्याच्या आत कसं ठरतं, याबद्दल.

पण सुरुवात भाऊंपासून करते, कारण हा प्रश्न मला त्यांनी दिला.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते भाऊ आरोग्य खात्यात होते हे नव्या पिढीला नुसतं ऐकून माहीत असेल. आम्ही त्यांना पाहिलं ते सायकलवर. मागच्या कॅरिअरला काचपट्ट्यांची पेटी, खांद्याला पिशवी. दर पंधरवड्याला ते घरोघर फिरत आणि दारात उभे राहून एकच प्रश्न विचारत, “कुणाला ताप?” कोणी हो म्हटलं की ओसरीवर बैठक. डाव्या हाताच्या अनामिकेला स्पिरिटचा बोळा, एक टोच, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा काचेवर घ्यायचा. पट्टीच्या एका बाजूला जाड ठिपका. दुसऱ्या बाजूला एक थेंब घेऊन दुसऱ्या काचेच्या कडेनं तो असा ओढायचा की जिभेच्या आकाराचा पातळ थर पसरावा. थर वाळला की त्या रक्तावरच शिसपेन्सिलीनं नंबर लिहायचा. भाऊंचे आकडे फार सुबक होते. मग क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या तिथल्या तिथे, आपल्या डोळ्यांदेखत.

ते साल रोवणी लांबलेलं होतं. माझ्या आईला ताप आला. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, अंगावर दोन वाकळी घातल्या तरी बाज थरथरायची, आणि मग घाम फुटून ती मोकळी व्हायची. भाऊंनी पट्टी घेतली, चार गोळ्या दिल्या, ताप हटला, आई पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन पुन्हा बांधीत उतरली. दहा-बारा दिवसांनी दुपारच्या वेळी भाऊ सायकल रस्त्यावर टाकून धुऱ्यावरून चालत आले. हातात कागदाची पुडी. पट्टी तपासून आली होती.

“वहिनी, आणखी सहा गोळ्या खायच्या आहेत.”

आई चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभी. म्हणाली, “ताप तर गेला, भाऊ. आता कशाला?”

भाऊ म्हणाले, “तुमचा ताप गेला. या शेजारणीसाठी खा.”

मी धुऱ्यावर बसले होते. मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. पुढे नागपूरला प्राणिशास्त्र शिकत असताना एका तंत्रज्ञांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, तेव्हा तो लागायला सुरुवात झाली. पट्टी जेएसबी रंगानं रंगवलेली होती. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९४४ साली हा रंग तयार केला. तो स्वस्त, पाण्यात विरघळणारा, झटपट चढणारा आहे, आणि आपल्या देशातल्या कोट्यवधी रक्तपट्ट्या त्यानं रंगल्या आहेत. भिंगावर तेलाचा थेंब टाकून मी पाहू लागले. फिकट गुलाबी तांबड्या पेशी, काहींच्या आत अंगठीसारखं निळं कडं आणि त्यावर खड्यासारखा लाल ठिपका. त्या अंगठ्या म्हणजे ताप आणणारा जंतू. तंत्रज्ञ म्हणाले, “पट्टी सरकवा.” सरकवली, आणि एक अगदी वेगळाच आकार समोर आला. विळा. आपल्या धान कापायच्या विळ्यासारखा वाकलेला, दोन्ही टोकं बोथट, मध्ये तपकिरी कणांचा पुंजका. हिवतापाच्या जंतूच्या या जातीचं नाव फाल्सिपेरम. त्या नावातच विळा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

हा विळा माणसाला आजारी पाडत नाही. तो तांबडी पेशी फोडत नाही, वाढत नाही, ताप आणत नाही. तो नुसता थांबलेला असतो, डास चावायची वाट पाहत.

आता इथे बसलेले सगळे धान करणारे आहात, म्हणून मी पुढचं सगळं धानाच्या भाषेत सांगणार आहे. मळणी झाली की घरातलं धान दोन वाटांनी जातं. बरंचसं खायचं आणि विकायचं, थोडं बियाण्याचं. बियाण्याचं कणगीत वेगळं ठेवतो, त्याला हात लावत नाही. खायचं धान हे या वर्षाचं, बियाण्याचं पुढच्या वर्षाचं. हिवतापाचा जंतूही हेच करतो. फाल्सिपेरमचा जंतू दर ४८ तासांनी तांबड्या पेशी फोडून बाहेर येतो, एकाचे सोळा ते तीस होतात आणि ते नव्या पेशींत शिरतात. हे त्याचं खायचं धान. याच माणसात वाढत राहायचं, एवढंच त्यांचं काम. पण दर खेपेला शंभरातले एक-दोन, कधी थोडे जास्त, ही वाट सोडतात. ते वाढत नाहीत, ते विळे होतात. शास्त्रात त्यांना युग्मकजनक म्हणतात. मी आज त्यांना बियाण्याच्या पेशी म्हणेन. माणूस बरा झाला किंवा मेला, तरी जंतूचं घराणं त्यांच्यावर पुढे जातं.

या विळ्यांचा पत्ता लागायलाही माणसाला फार त्रास पडला. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टन्टीन गावी लाव्हेराँ नावाचा फ्रेंच लष्करी डॉक्टर एका सैनिकाचं ताजं रक्त पाहत होता. काचेवर थेंब घेऊन काही मिनिटं झाली होती. एकाएकी एका गोल पेशीतून चाबकासारखे धागे बाहेर पडले आणि आजूबाजूच्या तांबड्या पेशींना फटकारू लागले. हिवतापाचं कारण जिवंत आहे हे माणसानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण ते धागे काय आहेत? पुढची सतरा वर्षं मोठेमोठे पंडित यावर भांडत राहिले. कोणी म्हणे हे मरणाचे आचके, कोणी म्हणे ही त्याची पूर्ण वाढलेली अवस्था. इंग्लंडमधल्या मॅन्सनला वाटलं, हे धागेच डासात जाऊन पुढे वाढत असावेत. उत्तर १८९७ च्या उन्हाळ्यात मिळालं, तेही कावळ्याच्या रक्तात. मॅकॅलम नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी कावळ्याच्या हिवतापासारख्या जंतूकडे पाहत होता. त्याला दिसलं की एक धागा सुटून पोहत गेला आणि एका गोल, स्वस्थ बसलेल्या पेशीत शिरला. धागा नर होता, गोल पेशी मादी होती. लाव्हेराँनं सतरा वर्षांपूर्वी पाहिलं होतं ते लग्नाला निघालेलं वऱ्हाड.

त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादला रोनाल्ड रॉसनं, ठिपक्यांच्या पंखाच्या डासाच्या जठराच्या भिंतीवर, तपकिरी कणांच्या गाठी पाहिल्या. हुसेन खान नावाच्या रुग्णानं त्या डासांना आपलं रक्त पाजलं होतं, एका डासामागे एक आणा घेऊन. रॉसला नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. पण मला वर्गात शिकवताना दर वेळी हुसेन खानचं नाव फळ्यावर लिहावंसं वाटे आणि मी ते लिहीत असे.

इथवर सव्वाशे वर्षांपूर्वीचं झालं. त्यानंतर बराच काळ एक प्रश्न तसाच राहिला. खायचं धान आणि बियाण्याचं धान एकाच कणसातलं असतं, तसेच विळे आणि अंगठ्या एकाच जंतूची लेकरं. त्यांच्यात जनुकांचा तसूभर फरक नाही. मग वाट सोडायची आज्ञा कोण देतं?

२००२ साली फाल्सिपेरमची सगळी जनुकीय संहिता वाचून झाली. चौदा गुणसूत्रं, सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरं, पाच हजारांहून थोडी जास्त जनुकं. पण पुस्तक हाती आलं म्हणून त्यातली आज्ञा कोणत्या पानावर आहे हे कळत नाही. कोणतं जनुक कधी बोलेल आणि कधी गप्प बसेल हे ठरवणारी प्रथिनं असतात. त्यांना जनुकांचे मुकादम म्हणू या. सुरुवातीला या जंतूत असे मुकादमच सापडेनात. २००५ साली एल. अरविंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते सापडले, आणि सापडले ते एका अनपेक्षित कुळातले. या कुळाचं नाव एपी-२. वनस्पतींमध्ये फुलाची घडण ठरवणारं कूळ ते हेच. आपल्या धानाची लोंबी कशी फुटावी, तिच्यावर दाणे कुठे बसावेत, यातही या कुळातल्या जनुकांचा हात आहे. फाल्सिपेरममध्ये या कुळातली सत्तावीसेक प्रथिनं आहेत.

त्यांतलं कोणतं प्रथिन बियाण्याची आज्ञा देतं, हे कळलं ते एका फार साध्या गोष्टीवरून. प्रयोगशाळेत उंदरांच्या हिवतापाचा एक जंतू पाळतात, बर्घेई नावाचा. तो मुळात आफ्रिकेतल्या रानउंदरांचा. डासाकरवी तो एका उंदरातून दुसऱ्यात नेणं खटपटीचं असतं, म्हणून सुईनं रक्त काढून पुढच्या उंदराला टोचतात. असं आठवड्यामागून आठवडे, वर्षभर करत गेलं की काय होतं? जंतू बियाणं ठेवणं सोडतो. आणि का ठेवावं? त्याला डास भेटतच नाही. सुई त्याला फुकट पुढच्या घरी पोचवते आहे. ज्या घरात पुन्हा पेरणीच होणार नाही, त्या घरात कणगी कोण भरेल? जो जंतू बियाण्याकडे काहीही वळवत नाही तो जास्त वाढतो आणि काही महिन्यांत तोच तेवढा उरतो.

शास्त्रज्ञांनी अशा, बियाणं विसरलेल्या, वेगवेगळ्या वाणांची संहिता वाचली. प्रत्येक वाण स्वतंत्रपणे बिघडलेला होता, बिघाडाची अक्षरंही वेगवेगळी होती, पण सगळे बिघाड एकाच जनुकात होते. एपी-२ कुळातल्या एका प्रथिनाचं ते जनुक. त्याला एपी-२-जी नाव मिळालं. याच वेळी अमेरिकेत बियॉर्न काफ्सॅक, मॅन्युएल यिनास आणि सहकारी माणसाच्या फाल्सिपेरमवर काम करत होते आणि तेही याच जनुकापाशी येऊन थांबले. दोन्ही शोधनिबंध मार्च २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात शेजारीशेजारी छापले गेले. उंदरांच्या जंतूवरच्या निबंधात पहिलं नाव आहे अभिनव सिन्हा यांचं. ते तेव्हा ग्लासगोमध्ये अँडी वॉटर्स यांच्याकडे काम करत होते. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेत आले. मुलांनो, हे नाव लक्षात ठेवा.

एपी-२-जी बोललं की पेशी बियाण्याची, गप्प राहिलं की खायची. हे जनुक तोडलं की जंतू तगडा असतो, माणसाला तापानं लोळवू शकतो, पण त्याच्यात एकही विळा तयार होत नाही. असा जंतू त्या एका माणसाबरोबर संपतो.

मग ते एरवी गप्प का असतं? कारण त्याची कणगी लिंपून ठेवलेली असते. आपण बियाण्याची कणगी शेणामातीनं लिंपतो, तशी एचपी-१ नावाची प्रथिनं त्या जनुकाच्या जागेवर गच्च बसलेली असतात आणि ते वाचताच येत नाही. बहुतेक पेशींत पिढ्यान्‌पिढ्या ते लिंपलेलंच राहतं. काही थोड्या पेशींत जीडीव्ही-१ नावाचं प्रथिन येतं आणि ते लिंपण खरवडून काढतं. हे २०१८ साली स्वित्झर्लंडच्या टिल फॉस यांच्या गटानं दाखवलं. त्यातही एक गंमत आहे: जीडीव्ही-१ चं जनुक ज्या जागी आहे, तिथूनच उलट्या दिशेनं वाचला जाणारा एक आरएनए निघतो आणि तो जीडीव्ही-१ ला दाबून धरतो. म्हणजे कणगी लिंपलेली, खरवडणाराही बांधून ठेवलेला. जंतूनं एवढा बंदोबस्त केला आहे, कारण बियाण्याकडे वळलेली प्रत्येक पेशी या माणसातल्या वाढीतून वजा होते.

आणि हा बंदोबस्त सैल कधी पडतो? मला या सगळ्या शोधांतला हा भाग सर्वांत जास्त विचार करायला लावतो. आपल्या रक्तात लायसोफॉस्फटिडिलकोलीन नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. नाव मोठं आहे, पण जंतूला तो पेशीचं आवरण बांधायला लागतो. त्याच्या घरचा तो कुडाचा गारा समजा. माणूस आजारानं खंगला, अंगात दाह वाढला की रक्तातला हा पदार्थ कमी होतो. २०१७ साली मथायस मार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो कमी झाला की जास्त जंतू बियाण्याच्या वाटेला वळतात. म्हणजे जंतू आपली प्रकृती चाखतो. घर पडायला आलं हे त्याला आतून कळतं, आणि तो पुढच्या घरी जायची तयारी वाढवतो.

आणखी एक. फुटायला आलेल्या एका पेशीतली सगळी लेकरं एकाच वाटेची असतात. सगळी खायची, नाहीतर सगळी बियाण्याची. आणि बियाण्याची असली तर सगळी नर, नाहीतर सगळी मादी. आज्ञा बहुधा एक पिढी आधीच सुटलेली असते.

नर-मादी ठरतं कसं, हे मात्र अगदी अलीकडे कळू लागलं. आपल्यात एक्स आणि वाय गुणसूत्रं असतात. हिवतापाच्या जंतूत तसलं काहीच नाही. माणसाच्या शरीरात असताना त्याच्याकडे प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत असते. नर आणि मादी यांची संहिता अक्षरन्‌अक्षर सारखी असते. म्हणजे लिंग लिहिलेलं नसतं, ते वाचण्यावर ठरतं. डिसेंबर २०२२ मध्ये फ्रान्समधल्या एका गटानं फाल्सिपेरममधलं एमडी-१ नावाचं जनुक पुढे आणलं. ते काम करतं तिथे नर होतो. ते काढून टाकलं तर नर होत नाही. आणि इथेही त्याच जागेवरून उलट्या दिशेनं निघणारा आरएनए आहे. एकाच पाटीवर डावीकडून वाचलं तर एक, उजवीकडून वाचलं तर दुसरं. उंदरांच्या जंतूत यापुढची आणखी जनुकं सापडली आहेत, काही फक्त नराच्या वाटेवरची, काही फक्त मादीच्या.

माद्या जास्त असतात. एका नरामागे तीन, चार, पाच. याचं कारण नराच्या कामात आहे. डासाच्या पोटात गेल्यावर एका नरातून आठ धागे निघू शकतात, मादीतून मात्र एकच अंडपेशी. थोडे नर पुरतात. पण एकाच अंगात दोन-तीन निरनिराळे वाण घुसले की स्पर्धा लागते आणि जंतू नरांचं प्रमाण वाढवतात. हे सारा रीस आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उंदरांच्या हिवतापात दाखवलं. ज्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, तो शेजारी कोण आलंय याचा हिशेब ठेवतो.

आता डासाच्या पोटात चला. हे मी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, उंदराच्या जंतूचं. रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, थंड होऊ द्यायचा आणि वाट पाहायची. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मान अवघडते. मग एका पेशीतले तपकिरी कण उकळत्या पाण्यातल्या तांदळासारखे खदखदू लागतात. आणि एकदम धागे सुटतात, आजूबाजूच्या पेशी ढकलल्या जाऊन हलतात. दहा-पंधरा मिनिटांत त्या नरानं आपली सगळी संहिता तीन वेळा दुप्पट केलेली असते, एकाची आठ. माझ्या माहितीत जीवसृष्टीत इतकं घाईचं काम दुसरं नाही. हे सुरू व्हायला दोन खुणा एकत्र लागतात. रक्त माणसाच्या अंगापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड व्हावं लागतं. शिवाय एकतर त्याची आम्लता किंचित कमी व्हावी लागते, नाहीतर झँथुरेनिक आम्ल नावाचा पदार्थ भेटावा लागतो. हा पदार्थ डास आपल्या डोळ्यांचा रंग तयार करताना मागे टाकतो. १९९८ साली तो ओळखला गेला. डासाच्या डोळ्याच्या रंगावरून जंतू ओळखतो की आपण डासात आलो.

नर-मादी मिळाल्यावर ती पेशी डासाच्या जठराची भिंत भेदून बाहेर जाते, तिथे गाठ होते, गाठीत हजारो नवे जंतू तयार होतात आणि डासाच्या लाळेत येऊन बसतात. रॉसनं त्या गाठीच पाहिल्या होत्या. या सगळ्याला दहा-बारा दिवस लागतात, हवा कशी आहे त्यावर.

आता भाऊंकडे परत येते.

फाल्सिपेरमचा विळा तयार व्हायलाही दहा-बारा दिवस लागतात. तो काळ तो हाडांतल्या मगजात दडून काढतो. रक्तात दिसतो तो पूर्ण झाल्यावर. म्हणून पहिल्या तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी तपासणी आणि औषध झालं तर अंगठ्या मरतात, कोवळं बियाणंही बरंचसं मरतं, आणि त्या माणसाकडून डासाला काही मिळत नाही. आशा स्वयंसेविका ताई, तुमच्या पिशवीतला तो तपासणीचा संच पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देतो, त्याची खरी किंमत इथे आहे. उशीर झाला की विळे पिकलेले असतात. आणि तापाची औषधं पिकलेल्या विळ्यांना मारत नाहीत. क्लोरोक्वीन मारत नव्हतं, आजची आर्टेमिसिनिनची जोड-औषधंही त्यांचा पुरता निकाल लावत नाहीत. अंगात ताप नाही, भूक लागते आहे, माणूस रोवणीला जातो आहे, आणि रक्तात विळे फिरताहेत. बांधीवरचा क्युलिसिफेसिस डास संध्याकाळी त्याला चावतो आणि मग शेजारच्या खोपीत जातो.

पिकलेल्या विळ्यांना मारणारं जुनं औषध एकच, प्रायमाक्विन. साडेसात मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, मोठ्या माणसाला, एकदाच. (व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या हिवतापात हेच औषध चौदा दिवस घेतात, पण तिथे काम वेगळं आहे, यकृतात झोपलेल्या जंतूंसाठी.) गरोदर बाईला ते देत नाहीत, तान्ह्या बाळाला देत नाहीत, आणि ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर कमी असतं त्यांना जपून द्यावं लागतं, कारण त्यांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. एरवी त्या सहा गोळ्या खाणाऱ्याचा स्वतःचा फायदा जवळजवळ काही नसतो. त्याचा ताप आधीच गेलेला असतो.

लशींचंही पाहा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या लशीची ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली, ती लस घेणाऱ्या बाळाला वाचवते. पण आणखी एका प्रकारच्या लशींवर गेली कित्येक वर्षं काम चालू आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आणि पुढेही निर्भय कुमार यांनी त्यासाठी आयुष्याचा मोठा भाग घातला. त्या लशीनं माणसाच्या रक्तात अशी प्रतिपिंडं तयार व्हावीत, जी डासानं रक्ताबरोबर प्यायल्यावर डासाच्या पोटात नर-मादीची भेटच होऊ देणार नाहीत. लस टोचून घेणाऱ्याला स्वतःला ताप यायचा तो येईलच. वाचेल तो पुढचा. मला ही कल्पना फार मोठी वाटते, आणि अशी लस घ्यायला लोक तयार होतील का, असं जेव्हा परिषदांमध्ये विचारलं जातं तेव्हा मला धुऱ्यावर उभे असलेले भाऊ दिसतात.

स्वातंत्र्याच्या वेळी या देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि आठ लाख मरत होते. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. घरोघर डीडीटी मारून भिंतीवर तारीख लिहून जाणारी माणसं इथल्या म्हाताऱ्यांना आठवत असतील. १९६५ पर्यंत आकडा एक लाखावर आला. मग हात सैल पडला, डास डीडीटीला सरावले, आणि १९७६ साली पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. आता तो पुन्हा पुष्कळ खाली आला आहे, देशानं २०३० पर्यंत हिवताप संपवायचं ठरवलं आहे. महाराष्ट्रात भार उरला आहे तो मुख्यतः गडचिरोलीत आणि मुंबईत. पण आपणही निश्चिंत राहू नये. आपल्याकडे तलाव आहेत, बोड्या आहेत, डोंगरपायथ्याचे झरे आहेत, धानाचं उभं पाणी आहे, आणि डोंगरापलीकडे बालाघाटचं जंगल. डास कुठेही गेलेला नाही. जिथे रुग्ण थोडे उरतात तिथे ताप नसलेल्या माणसाच्या रक्तातला एखादा विळा सगळ्या वर्षाचा हिशेब मोडू शकतो. म्हणून आशाताई दारात येऊन म्हणाल्या की ताप गेला तरी गोळ्या खा, तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका. आणि गोळ्या त्यांच्यासमोर खा.

त्या दिवशी बांधीत काय झालं ते सांगायचं राहिलं. भाऊंनी आधी विचारलं, “वहिनी, जेवल्या का?” उपाशीपोटी त्या गोळ्या द्यायच्या नसतात. मग थोडं बाजूला होऊन धुऱ्यावर बसलेल्या एका म्हातारीला हळू आवाजात काहीतरी विचारलं. आई पोटुशी तर नाही ना, हे विचारलं असणार, ते मला फार वर्षांनी सुचलं. म्हातारीनं मान हलवली. आईच्या शेजारी ओळीत रोवणाऱ्या मावशीनं सगळं ऐकलं होतं. ती कमरेवर हात ठेवून ताठ झाली आणि म्हणाली, “माझ्यासाठी खातेस होय गं?”

आईनं चिखलाचे हात पाण्यात खळबळून घेतले, लुगड्याला पुसले आणि पुडी उघडली. मी तांब्या पुढे केला. तिनं एकेक करून सहाही गोळ्या गिळल्या. भाऊ सहावी घशाखाली उतरेपर्यंत उभे होते. मग खिशातून वही काढून त्यांनी तिथेच उकिडवं बसून काहीतरी लिहिलं, शिसपेन्सिलीनं, आणि विचारलं की शिवारात आणखी कोणाकडे रोवणी चालू आहे.